किलोमीटरची वही

राजधानीतून सकाळी निघून अंधार पडायच्या आत घरी परतता येईल अशा ठिकाणांची यादी नवऱ्याने फ्रिजवर चिकटवली होती. एक रविवार सोडून एक रविवार, गाडीने. मी त्या यादीला जोड म्हणून एक वही ठेवली. आमच्या लेकीला, मुंगीला, गाडी लागते. साडेतीन वर्षांची आहे. ती कितव्या किलोमीटरला ओकली ते मी वहीत लिहीत असे. धरण: बावीस. गुहा: पस्तीस. मनोरा: अठ्ठावन्न.

निघताना नवरा मीटर शून्यावर आणायचा. "चला, शास्त्रज्ञबाई, प्रयोग सुरू करा."

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन मी साडेतीन वर्षं दुधाच्या बाटल्या उकळत होते. आता इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. पाळणाघर मी सात वेळा जाऊन बघितलं होतं, शेवटची खेप न सांगता. तिथल्या बाई मला बघून दार उघडायच्या आधीच हसायच्या.

चौथ्या सहलीला ताई आली. माझी सख्खी मोठी बहीण. ती मागे मुंगीजवळ बसली आणि मी पुढे, मांडीवर वही, पायाशी कागदी पिशव्या.

साठ झाले. सत्तर झाले. मुंगी गाणं म्हणत होती.

"आता ही शंभर किलोमीटरसुद्धा जाईल!" मी म्हणाले.

नवऱ्याने आरशातून मागे बघितलं. मला वाटलं, लेकीकडे बघतोय.

एकशे दहाव्या किलोमीटरला गाव आलं. नवरा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे. कुठलंही गाव आलं की आधी पाण्याची टाकी दाखवतो. या गावची मात्र त्याने दाखवली नाही. "तळ्यावर जाण्याआधी एका ओळखीच्यांकडे चहा घेऊ," म्हणाला.

दोन मजली घर होतं. एका वयस्कर बाईंनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत त्या म्हणाल्या, "या ताई, या वेळी उशीर केलात! तुम्ही म्हणालात तसं स्वयंपाकघराला जाळीचं दार लावून घेतलंय हं."

ताई चप्पल काढायला वाकली ती वाकलेलीच राहिली.

घर रिकामं होतं, आत एकही खुर्ची नव्हती. जिन्याच्या तोंडाशी लाकडाचं छोटं फाटक होतं, कोरं, कडी बाहेरच्या बाजूला, बरोबर मुंगीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. ओट्याच्या कोपऱ्यांवर रबर होतं. खिडक्यांना गज, आणि गजांमधलं अंतर, मी बोटांनी मोजलं, चार बोटं. मला रात्री ज्या ज्या गोष्टींनी जाग येते त्या सगळ्यांचा बंदोबस्त त्या घरात आधीच झालेला होता. इतक्या बारकाईने माझं बोलणं कोणी ऐकलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घरमालकीणबाईंनी प्रसंग ओळखला आणि मुंगीला अंगणातली मांजर दाखवायला नेलं.

"बदली आली?" मी विचारलं.

"मागितली," नवरा म्हणाला. "मार्चमध्ये."

मार्चमध्येच आम्ही धरणावर गेलो होतो. धरण, गुहा, मनोरा. सगळी एकाच रस्त्यावर, एकापुढे एक. ती यादी मी रोज फ्रिजमधून दूध काढताना वाचत होते.

"म्हणजे तू तिला सवय लावत होतास."

"तुम्हा दोघींना. आधी सांगितलं असतं तर तू महिनाभर झोपली नसतीस. इथली हवा बघ, शांतता बघ."

"आणि माझी नोकरी?"

"इथेही बघू ना काहीतरी. एखादी शाळा असेल."

"ताई, तुला माहीत होतं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," ताई म्हणाली. "तू स्वतः कुठलाच निर्णय घेत नाहीस. जावईबापूंनी मला विचारलं, मी म्हटलं, आधी घर तयार करा, मग दाखवा. एकदा बघितलं की—"

"नोकरीचं पत्र आलं तेव्हा तू मला मिठी मारलीस."

"मग काय रडायचं होतं?"

गाडीची किल्ली ओट्यावर पडली होती, रबर लावलेल्या कोपऱ्याशेजारी. मी उचलली. परवाना मला सहा वर्षांपासून आहे, पण मुंगी गाडीत असताना मी कधी स्टीअरिंगला हात लावला नव्हता.

"तू चालवणार?" नवरा म्हणाला. "मुंगी आहे बरोबर."

"तिच्याजवळ तू बस. पिशव्या पायाशी आहेत. आणि एक तारखेला मी कामावर जाणार आहे. तू इथे राहायचं की तिथे, ते तुझं तू ठरव. मला आधी सांगितलंस तर बरं होईल."

तळं राहिलंच. ताई पुढे माझ्या शेजारी बसली आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखी खांद्याशी चाळे करत राहिली. दर ट्रकला मी श्वास धरत होते. निघताना हात आपोआप मीटरकडे गेला होता आणि मी मीटर शून्यावर आणला होता.

"आई, येतंय," मागून मुंगी म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. नवऱ्याने पिशवी धरली, तोंड पुसलं, पाणी पाजलं. ते तो नेहमीच नीट करतो. मग सीटवर पडलेली माझी वही उघडून त्याने पेन काढलं.

"किती झाले? मागून दिसत नाहीये."

मीटरवर बेचाळीस होते.

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हणाले. लग्नानंतर मी त्याला सांगितलेलं हे पहिलं खोटं. ताईने मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आरसा बघून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.