तसबिरीतली करंगळी

आमच्या पेट्रोनेलबाईंची तसबीर जिन्यापाशी टांगलेली आहे. नॉर्विचच्या कापडव्यापाऱ्याची बायको, पण थाट सरदारणीचा. काळा मखमली झगा, गळ्याभोवती परातीएवढी चुण्यांची कॉलर, मांडीवर गोरेपान हात. चेहरा बाईंचा आहे, हात माझे.

हॉलंडहून आलेल्या चित्रकाराने चेहरा दोन सकाळींत उतरवला. झग्याला तीन आठवडे लागणार होते. तेवढा वेळ मालकीण थोडीच बसते? तिचा झगा घालून दासी बसते, रीतच आहे. पण बाईंनी दाराला कडी घातली.

"थॉमसिन, हातही तुझेच काढू देत."

"अहो, काहीतरीच काय!"

"माझी बोटं बघ. मेणबत्त्या करणाऱ्याची लेक मी. चरबी उकळून उकळून गाजरं झालीत नुसती. गावाला हसायला कारण नको."

माझे हात मऊ होते. रेशीम हाताळणारीचे हात खरखरीत असले की धागा ओढला जातो, म्हणून मी रोज बदामाचं तेल चोळायची. फक्त डावी करंगळी जन्माची वाकडी. चित्रकाराने तीही इमानदारीत वाकडीच काढली.

मखमल सरदारांच्या घरची; मला ती घालायला कायद्यानेच बंदी होती. खरं तर बाईंनाही होती, पण पैसेवाल्यांना कोण विचारतो! मी ताठ बसायची आणि बाई घरातल्या साध्या घागऱ्यात शेजारी स्टुलावर बसून आल्याची वडी खायच्या. म्हणायच्या, "उठा आता बाईसाहेब, दासीचे पाय अवघडले." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पुढच्याच वर्षी बाई तापाने गेल्या. त्यांची अर्सुला तेव्हा चार वर्षांची. तिला मावशीकडे पाठवलं, मी धुणीघरात गेले.

आता पंचवीस वर्षांनी अर्सुला या घराची मालकीण होऊन आली आहे. काल तिने नवा चित्रकार आणला.

"ही परात बघून पाहुणे हसतात हो. तिच्या जागी लेसची कॉलर रंगवा, झगा बदला. आणि हातांत मोजे. बड्या घरच्या बायकांना तसंच रंगवतात हल्ली."

धुतलेल्या चादरींची टोपली खाली ठेवून मी जिन्यातच थांबले. मला ना नवरा, ना मूल. जगात माझी म्हणून तेवढीच खूण होती.

चित्रकाराने कुंचला उचलला, तेवढ्यात अर्सुला तसबिरीजवळ गेली.

"थांबा. हातांना लावू नका रंग."

"का हो, ताईसाहेब?" मी विचारलं.

"आईचा चेहराही आठवत नाही गं मला. पण केस विंचरताना ही वाकडी करंगळी कानामागे लागायची, तेवढं आठवतं. तू होतीस ना तेव्हा? आईच विंचरायची ना माझे केस?"

संधिवाताने आता माझी दहाही बोटं वाकडी झाली आहेत. मी ती एप्रनखाली सरकवली.

"हो, ताईसाहेब," मी म्हणाले. "रोज."