सतरावं बोअर

खोटं बोलायला पुष्कळ शब्द लागतात असा लोकांचा समज आहे. गिरमिटमामांनी ते एका शब्दात उरकलं होतं, आणि तेही सरकारी रजिस्टरात, निळ्या शाईनं, खाली सही ठोकून.

गिरमिट हे त्यांचं ऑफिसातलं नाव. रस्ता जायचा तिथं आधी जमिनीला भोक पाडायचं, आतून निघेल ती माती, मुरूम, खडक लाकडी पेटीत ओळीनं मांडायचा आणि किती मीटरवर काय लागलं ते लिहायचं, यात त्यांची एकतीस वर्षं गेली. साहेब लोक तोंडावर निरीक्षक म्हणायचे आणि पाठीमागे गिरमिट. भाचीनं लहानपणी ते ऐकलं आणि त्याला मामा जोडून दिला. तेव्हापासून ताईच्या सगळ्या गल्लीचे ते गिरमिटमामा झाले.

ताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांचं नाक पुसण्यापासून शाळेत मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता भाची लग्न होऊन लांब गेली होती, भाऊजी जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि ताई टेकडीच्या पायथ्याशी बावीस घरांच्या गल्लीत, शेवटून तिसऱ्या घरात एकटी राहत होती. एकटी म्हणजे आपली म्हणायची. गल्लीतलं कुठलंही भांडण तिच्या ओट्यावर आल्याशिवाय मिटत नसे.

ताईचा एक स्वभाव होता. तिच्या घरात फुटलेली वस्तू कोणाच्या नजरेला पडायची नाही. लहानपणी वडिलांच्या चष्म्याची काच तिच्या हातून फुटली, तर तिनं शाळा बुडवून दुकानातून दुसरी बसवून आणली आणि चष्मा गुपचूप जागेवर ठेवला. नंबर कुठला बसवला ते देव जाणे. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, हल्ली अक्षर फार बारीक छापतात. ही गोष्ट मामा सगळ्यांना सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

महामार्ग दोन राज्यांना जोडणारा होता. पलीकडच्या राज्यानं आपला रस्ता नदीपर्यंत आणला, पूल बांधला आणि पुलावर दिवेसुद्धा लावून टाकले. अलीकडचा रस्ता मात्र अजून नकाशावरच भटकत होता. पहिली रेघ सपाटीवरून जात होती, तिथं गिरणीवाले आडवे आले. दुसरी तलावाच्या काठानं निघाली, तिला पाणीपुरवठ्यानं हुसकावलं. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्या दारात रस्ता येतो, हा या खात्यातला जुनाच नियम. फिरत फिरत रेघ ताईच्या गल्लीशी आली. आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक म्हणजे बावीस घरं पाडून सरळ जायचं. दुसरी म्हणजे गल्लीच्या डोक्यावर, टेकडीच्या उतारावर भराव घालून जायचं. वरची वाट भराव पेलेल की नाही, ते सोळा, सतरा आणि अठरा नंबरच्या बोअरवर ठरणार होतं.

सोळाला तीन मीटरवर कठीण खडक लागला. अठरालाही लागला. सतराची जागा मात्र अशा ओल्या, घसरड्या उतारावर होती की यंत्राचं तीन पायांचं तिकाटणं टिकेना. दोनदा चढवलं, दोनदा घसरलं, आणि दुसऱ्या खेपेला साखळी तुटली. खालून ताईनं हाक मारली, "अरे, जेवून घ्या आधी सगळे! भोक काय पळून जातंय?"

भोक पळालं नाही, दिवस पळाला. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर हवा होता. मामांनी ताईच्या ओट्यावर बसून रजिस्टर उघडलं, सोळा आणि अठरा यांच्यामध्ये सतरा हा आकडा घातला आणि त्याच्यापुढं लिहिलं: वरीलप्रमाणे.

या धंद्यात हे सगळेच कधी ना कधी करतात. इकडे खडक, पन्नास पावलांवर तिकडे खडक, मग मध्ये काय लोणी असणार आहे? मन चांगलं असेल त्या दिवशी मामा स्वतःला सांगायचे की आपण ताईचं घर वाचवलं. मन वाईट असेल त्या दिवशी सांगायचे की साखळी तुटली होती, माणूस काय करणार. दोन्हींतलं खरं कुठलं, हे त्यांना कोणी शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. रेघ वर सरकली. ताई गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या भावानं वाचवली हो घरं!" आणि गल्लीनंही मामांना डोक्यावर घेतलं.

भराव दोन वर्षं चढत होता. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी टेकडी दिसायची, मग अर्धी टेकडी, मग नुसती काँक्रीटची भिंत. भर दुपारी दिवा लावावा लागे. मामा तोवर निवृत्त झाले होते. दर रविवारी चहाला यायचे आणि खिडकीकडे पाठ करून बसायचे.

मग ताईच्या परसातला झरा आटला. बारा महिने वाहणारा तो झरा. ज्याच्या आवाजात मामांनी त्या दिवशी जेवण केलं होतं, हात धुतले होते, आणि ज्याच्याकडे बघून एकदाही मनात आणलं नव्हतं की हे पाणी सतरा नंबरच्या पोटातूनच येत असणार. पंधरा दिवसांनी तेच पाणी चार घरं सोडून एका न्हाणीघरात उगवलं, गढूळ होऊन. सगळी गल्ली बघायला जमली. मामांनी बोटावर ते पाणी घेतलं आणि दोन बोटांत चोळलं. पाणी बारीक माती घेऊन येत होतं, म्हणजे भराव खालून पोखरत होतं.

पुढच्या रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी चीर दिसली. नख जाईल एवढी.

अशा चिरेवर करायची एक जुनी तऱ्हा आहे. काचेची बोटभर पट्टी घ्यायची आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटनं पक्की करायची. भिंत जराही हलली की काच तडकते. काच शाबूत असेल तर चीर जुनी, झोपलेली. मामांनी काचवाल्याकडून काच कापायची हिरकणी मागून आणली, पट्टीवर तारीख कोरली आणि ती बसवून टाकली.

"हे काय रे?" ताईनं विचारलं.

इथं खरं सांगायचं होतं. मामांच्या जिभेवर आलंही होतं. पण ताई पदराला हात पुसत इतक्या निर्धास्तपणे उभी होती की त्यांचा धीर झाला नाही. "भिंतीसाठी आहे," ते म्हणाले. "जप हिला. फुटू देऊ नकोस."

"एवढंच ना? तळहातावरच्या फोडासारखी जपते."

घरी जाऊन मामांनी मुख्य अभियंत्याला चार ओळींचं पत्र लिहिलं. सतरा नंबरला बोअर मारलेलं नाही, भरावाखालची जमीन तपासून घ्यावी, तोवर रस्ता उघडू नये. खाली सही. मग त्यांनी स्वतःशी एक सौदा केला, आणि हा सौदा पहिल्या खोट्यापेक्षाही वाईट होता. काच फुटली तर पत्र द्यायचं. नाही फुटली तर फाडून टाकायचं आणि पेन्शन खात गप्प बसायचं.

रविवारमागून रविवार गेले. मामा यायचे, दिवा बंद पडलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात चाचपडत भिंतीशी जायचे आणि पट्टीवरून बोट फिरवायचे. गुळगुळीत, अखंड. त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पत्र खिशातल्या खिशात मऊ पडत गेलं. एका रविवारी समोरचं दार नीट लागेना, तर ताई म्हणाली लाकूड फुगलंय. एका रविवारी गल्लीतला विजेचा खांब किंचित कलल्यासारखा वाटला, तर मामांनी स्वतःलाच दटावलं की आपली मानच वाकडी झालीय. काच शाबूत होती ना? मग झालं तर.

सहाव्या रविवारी रस्त्याचं उद्घाटन होतं. सकाळपासून गल्लीच्या डोक्यावर भोंगे वाजत होते. दोन राज्यांची मनं जोडली जात असल्याचं कोणीतरी तिसऱ्यांदा सांगत होतं. पुलापलीकडे मालाचे ट्रेलर रांगेत थांबलेत, असं मामांनी येताना ऐकलं. मन आज हलकं होतं. आजची काच बघायची आणि घरी जाऊन पत्र फाडायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

ताईनं कालच नवी ट्यूब बसवून घेतली होती. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच स्वयंपाकघर लख्ख उजळलं होतं. मामांनी बोट फिरवलं. गुळगुळीत, अखंड. मग चष्मा वर केला आणि जवळ जाऊन पाहिलं.

काचेवर तारीख नव्हती.

"ताई, ही काच कोणी लावली?"

"तूच की. विसरलास?"

"मी लावली तिच्यावर तारीख होती."

ताईनं पुसलेलं भांडं पुन्हा पुसायला घेतलं. "रागावणार नसशील तर सांगते."

"सांग."

"ती फुटली रे. माझा हात लागला नव्हता, तुझी शपथ. नुसती टिक वाजली आणि मधून तडकली. म्हटलं, भावानं जन्मात एक काम सांगितलं आणि तेही माझ्याकडून होऊ नये? गवंड्याकडून वाटीभर सिमेंट आणलं, काचवाल्याकडून पट्टी आणली, बसवली. तुझ्यापेक्षा बरी बसवली, बघ की."

मामांनी पट्टीवर बोट ठेवलं. "म्हणजे ही दुसरी?"

"पाचवी."

तिनं फळीवरून पत्र्याचा डबा काढला. ताईच ती, फुटकं बाहेर टाकून चारचौघांत दाखवणार थोडीच. मामांनी तुकडे एकेक करून ओट्यावर मांडले. आयुष्यभर खडक मांडला तसेच, ओळीनं. पहिल्यावर त्यांच्याच हातची तारीख होती, मधोमध दुभंगलेली.

"किती दिवस टिकली एकेक?"

"पहिली पंधरवडाभर. मग दहा-बारा दिवस. मग आठवडा. चौथी तर तीन दिवसांत गेली, परवा ही लावली." ताई ओशाळं हसली. "हल्ली काचाच हलक्या येतात."

वर टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंगा बंद पडला आणि लांबून, पुलाच्या बाजूनं, जड चाकांचा आवाज यायला लागला.

"ताई, चल बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"अरे, चहा उकळतोय."

"राहू दे चहा!" मामा ओरडले. जन्मात ते तिच्यावर ओरडले नव्हते. मग भिंतीकडे बघत, एका दमात बोलून गेले. "सतरा नंबरला मी बोअर मारलंच नाही. न बघता लिहिलं. त्या भरावाखाली काय आहे ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ही काच फुटली तर भिंत हलतेय असं समजायचं होतं. म्हणून लावली होती."

ताईनं ओट्यावरच्या तुकड्यांकडे पाहिलं. फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायला लागली. पहिला ट्रेलर डोक्यावरून गेला, मग दुसरा. आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत, लख्ख उजेडात, पाचवी काच टिक करून तडकली.

पुढचं दार अडकलं होतं. मामांनी खांद्यानं तीन धक्के मारले तेव्हा कुठं ते उघडलं आणि दोघं गल्लीत आली. मामांनी ताईचा दंड घट्ट धरला होता. ती बाहेर होती, जिवंत होती, आणि त्या क्षणी त्यांना जगात दुसरं काहीही नको होतं. पत्राचं तर भानच नव्हतं.

ताईनं गल्ली वरपासून खालपर्यंत पाहिली. कोणी केर काढत होतं, कोणी अंगावर पाणी घेत होतं, कोणाचा रेडिओ लागला होता. तिनं आपला दंड सोडवून घेतला.

"काच फक्त माझ्याच भिंतीला लावलीस?"

मामांनी खिशातून ते मऊ पडलेलं पत्र अर्धवट बाहेर काढलं.

"बावीस घरं आहेत रे," ती म्हणाली. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "ते खिशातलं काय आहे ते घे आणि वर पळ. गाड्या थांबव. आडवा पड, पण थांबव."

मामा वळले. वर रस्त्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले असतील नसतील, मागून ताईचा आवाज आला. ती शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवत होती आणि आत एकट्या राहणाऱ्या म्हातारीला नावानं हाका मारत होती. तिसरा ट्रेलर वरून गेला. भरावाच्या काँक्रीटच्या भिंतीच्या सांध्यांतून बारीक माती गळायला लागली, गव्हाच्या पिठासारखी.

दाराआडून म्हातारीचा शांत, समजूतदार आवाज आला.

"जोरात ढकल गं बाई. महिना झाला, सगळ्याच गल्लीची दारं अडकतायत."