धाकट्याच्या पेशी

ताईला रक्ताचा कर्करोग झाला आणि हाडांतली मज्जा देण्याजोगा एकच माणूस निघाला, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तोही अर्धाच जुळणारा. ताईला याचं नवल वाटलं नाही, कारण धाकट्याने आयुष्यात काहीच पूर्ण केलं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारात तर तो फिरकलाही नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मज्जा चढवून झाली. काचेच्या खोलीत ताई एकटी, काचेपलीकडे स्टुलावर धाकटा, हातात इंटरकॉमचा फोन. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"तुमच्या भावाच्या मारक पेशी सगळ्यांत आधी उगवल्यात. उरलासुरला कर्करोग त्यांनीच संपवायचाय."

"मग संपवतायत का?"

"अजून कच्च्या आहेत. नुसता आरडाओरडा करतात, मारत नाहीत. मज्जेतून निघून लसिका ग्रंथींमधून वगैरे फिरत फिरत तयार होतात. आपलं कोण, परकं कोण, हे शिकावं लागतं. नाही शिकल्या तर ढिम्म राहतात."

"म्हणजे भावावर गेल्या."

"आणि तुमच्या वाईट पेशी त्यांना परक्या वाटायला हव्यात. अर्धंच जुळतंय, ते इथे पथ्यावरच पडेल."

"परकं वाटायला अडचण येऊ नये," ताई म्हणाली. "आमचा सराव आहे."

डॉक्टरीणबाईंनी फक्त नाडी बघितली. ताईची मात्र पाचावर धारण बसली होती. या पेशी ढिम्म राहिल्या, तर ती मरणार होती.

धाकटा रोज येत राहिला. बोलायला काही नसलं की फोनमधून त्याचा श्वास ऐकू यायचा.

"शिकल्या असतील का गं आता?"

"मला काय विचारतोस? तुझ्याच आहेत."

पुढचा रिपोर्ट आला. पेशी पक्क्या झाल्या होत्या आणि कर्करोगाचा मागमूस नव्हता. "सध्या तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण त्यांना तसंच म्हणावं लागतं.

धाकटा ढसाढसा रडला. फोन कानालाच होता, त्यामुळे ताईला सगळं ऐकावं लागलं.

"आईच्या वेळी का नाही आलास?" तिने विचारलं.

"तिला तसं बघायची भीती वाटायची."

"आणि मला बघायची?"

"जास्त वाटते. रोज चपला घालून दारात उभा राहतो, पाऊलच उचलत नाही. मग येतो."

ताईला त्याची माया आली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

"उद्या ये," ती म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल."