रेणूचा भाव

सकाळी बाजार उघडला आणि श्रीपाल मगदूमांच्या मोबाइलवर, रोजच्या बँका नि सिमेंट कंपन्यांच्या खाली, त्यांच्या मुलीचाही भाव चालू झाला. मगदूमांना त्यात काही वावगं वाटलं नाही. भाव दिसला की घ्यायचा की विकायचा, एवढाच प्रश्न त्यांना पडत असे.

रेणू समोरच बसून पोहे खात होती. तिला ठसका लागला आणि आकडा किंचित घसरला. मगदूमांना तेवढी खूण पुरे होती. त्यांची पद्धत ठरलेली: जवळ नसलेला शेअर सकाळी आधी विकून टाकायचा, दुपारी पडला की स्वस्तात परत घ्यायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. रेणू तर चांगली जवळ होती, हाताच्या अंतरावर. पण सवयीपुढे एवढा विचार कोण करतो? त्यांनी तिला विकली.

"अहो, हे काय केलंत?" पद्मजानं लाटणं खाली ठेवलं.

"काही नाही गं. दुपारी परत घेतो की."

"माझा भाऊ क्लबात पत्ते कुटतो म्हणून त्याला दारात उभं करत नाही तुम्ही."

"त्याला पुढचं पान दिसतं काय? मला चार्ट दिसतोय. हा अभ्यास आहे."

अभ्यास दुपारपर्यंत टिकला नाही. रेणूनं पाढा म्हटला, भाव चढला. बाहुलीला झोपवलं, आणखी चढला. जिन्यात घेणारी माणसं जमू लागली. चपला नीट काढून ती आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि रेणूकडे कौतुकानं बघू लागली. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. त्यांच्यामुळे खोली लहान होत गेली, तसे मगदूम रेणूजवळ सरकले.

"रेणू, खोक बघू," ते म्हणाले. "बाळा, जरा जोरात खोक."

रेणू खोकली. तिला हा खेळ वाटला, म्हणून ती खुदकन हसली. आणि भाव दिवसाच्या सगळ्यात वरच्या पायरीला जाऊन चिकटला. आता सगळे घेणारेच. विकणारा एकही नाही.

मगदूमांनी ब्रोकरच्या ऑफिसला फोन लावला.

"सर, देणारा कुणी नाही," तिथली मुलगी म्हणाली.

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"हो सर. पण विकलीय तुम्ही."

बाजार बंद व्हायला आला आणि पडद्यावर कुठूनसा एक विकणारा उगवला. मगदूमांनी जीव मुठीत धरून बटण दाबलं. सौदा झाला. त्यांना रडूच फुटलं.

"आली गं! परत आली! म्हटलं नव्हतं तुला?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात रेणूएवढीच एक मुलगी उभी होती, दोन वेण्या घातलेली. "बाबा," ती म्हणाली आणि तिनं मगदूमांचा शर्ट घट्ट धरला.

"ही कोण?" पद्मजा किंचाळली.

फोन अजून चालूच होता. "सर, एक दिलीत, एक घेतलीत. हिशेब चुकता झाला."

"ही माझी रेणू नाही!"

"सर, कुठला शेअर कुणाचा, हे कुणी बघतं का?"

भिंतीजवळची माणसं पायात चपला सरकवत होती. त्यांतल्या एकानं रेणूचा हात धरला होता. तो तिला सांभाळून, एकेक पायरी दाखवत खाली नेत होता. मगदूम धावले, पण नव्या मुलीनं शर्ट सोडला नाही; तिला फरपटत ते कठड्यापर्यंत पोचले.

"रेणू!"

ती वळली. तिनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्या माणसाला विचारलं,

"बाबा, ते काका का रडतायत?"