मनगटावरची खूण

"काठी बाहेर ठेवा, शिपाईदादा," नर्सबाई म्हणाल्या.

मी ठेवली नाही. बुलढाण्याच्या जेलात मला सहा वर्षं झाली होती आणि बिनकाठीचा मी कुठल्याच कैद्याजवळ गेलो नव्हतो. शेवटी त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली आणि दाराबाहेर भिंतीला टेकवली. आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत माझी बहादुरी कुठेच नाही.

खाटेवर कडूबा पडला होता. दुसरबीडचा, भाजीपाला पिकवणारा माणूस. चौदा वर्षांपूर्वी विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्याने चुलतभावाचा गळा नुसत्या हातांनी दाबला. नागपूरच्या तुरुंगात जन्मठेप भोगता भोगता पोटात गाठ झाली. आता फार दिवस उरले नाहीत, म्हणून घराजवळ, आमच्याकडे पाठवला होता.

सन त्रेसष्ट. वरून पत्र आलं होतं की म्हातारे, मरणाला टेकलेले कैदी कसे सांभाळायचे हे शिपायांना शिकवा. त्यासाठी दवाखान्यातून या नर्सबाई, पंचफुलाबाई, रोज यायच्या. शिकायला चौघांची नावं निघाली. जानरावाची कंबर लगेच धरली, एकाला सोयरीक आठवली, एकाने सरळ रजा टाकली. उरलो मी, शेषराव, रोहिणखेडचा.

"त्याच्या हाताकडं काऊन पाह्यता सारखं?" पंचफुलाबाईंनी विचारलं. "तोंडाकडं पाहा."

"बाई, आमाले पहिल्या दिवशी हेच शिकोलं. कैद्याच्या हाताकडं पाहाचं."

"थे आता विसरा. हात लावाच्या आधी नाव सांगाचं, काय करून राह्यलो थे सांगाचं. मंग हात लावाचा."

मी खाकरलो. "कडूबा, मी शेषराव. तुले कुशीवर वळवतो."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. म्हातारा कडब्याच्या पेंढीएवढा हलका होता. तरी त्याचा पंजा माझ्या पोटाजवळून गेला तेव्हा मी श्वास रोखला. ते पंजे मोठे होते. सगळं अंग वाळलं, पण हात तेवढे राहिले होते.

हळूहळू मी शिकलो. पाठीच्या जखमा पुसायच्या, पाणी वरून ओतायचं नाही, चमच्याने गालाच्या कडेने सोडायचं. भीती मात्र गेली नाही. घरी बायको, अन्नपूर्णा, म्हणायची, "झोपीत हात झटकता तुमी. काय होऊन राह्यलं?" मी म्हणायचो, डास.

शुक्रवारी पंचफुलाबाई म्हणाल्या, "उद्या शेवटच्या घटकेचं सांगतो. माणूस जाते तवा काय काय होते, आपन काय कराचं. उद्या चुकू नोका."

मी चुकलो. मुद्दाम चुकलो. शनिवारी सकाळीच हवालदाराच्या हातापाया पडून फाटकाची ड्यूटी मागून घेतली. मरताना माणसाचं काय होतं ते मला ऐकायचंच नव्हतं. दिवसभर फाटकावर उभा राहिलो आणि फार हलकं वाटलं.

सोमवारी दुपारी खोलीत मी एकटाच होतो. कडूबाचा श्वास घरघरत होता. डोळे अर्धे उघडे. तो काहीतरी पुटपुटला. पाणी म्हणाला असावा. मी चमचा घेऊन वाकलो, आणि नाव सांगायचं विसरलो.

त्याचा हात उठला आणि माझं मनगट धरलं.

असं धरलं की नखं आत गेली. मी ओढलं, सुटेना. जितकं ओढावं तितकी मूठ आवळायची. मला दुसरं काही दिसलं नाही, फक्त तो पंजा दिसला आणि त्या चुलतभावाचा गळा आठवला. दुसऱ्या हाताने मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली.

शिट्टी वाजली की पगली घंटी, म्हणजे धोक्याची घंटा, वाजते. तो जेलचा नियमच आहे. घंटी घणघणली, सगळे कैदी बराकीत कोंडले गेले, दहा-बारा शिपाई काठ्या घेऊन धावत आले. त्यांनी त्या म्हाताऱ्याची छाती दाबून धरली आणि एकेक बोट उचकटून मला सोडवलं.

जेलरसाहेब धापा टाकत आले. "काय झालं? हल्ला केला का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खोटी घंटी वाजवणाऱ्याची नोकरी जाते हे मला ठाऊक होतं. मी होकारार्थी मान हलवली.

हल्ला करणाऱ्याला बेडी, हाही नियम. कडूबाचं उजवं मनगट खाटेच्या लोखंडी दांड्याला अडकवलं. सगळे गेले. मी दाराबाहेर स्टुलावर बसलो, काठी मांडीवर. आत त्याचा मोकळा डावा हात चादरीवर इकडून तिकडे फिरत होता, काहीतरी चाचपत होता. दोन तास मी ते पाहिलं. उठलो नाही.

चार वाजता पंचफुलाबाई आल्या. बेडी पाहून दारातच थांबल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शनिवारी कुठं होते तुमी?"

मी फाटकाकडे बोट दाखवलं.

"हेच सांगनार होती मी. शेवटी माणूस जे हाती लागंल थे घट्ट धरते. धरू द्याचं असते."

मी जेलरसाहेबांकडे गेलो. "साहेब, हल्ला नोता. मी भेलो. बेडी काढा त्याची."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घंटीचा जबाब तुला द्यावा लागेल. माहीत आहे ना?"

"हो, साहेब."

त्यांनी किल्ली दिली. मी धावत आलो. पंचफुलाबाई कडूबाचा डावा हात हातात घेऊन बसल्या होत्या. "गेला," त्या म्हणाल्या. मी बेडी काढली. त्याच्या मनगटाभोवती काळानिळा वळ उठला होता.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडहून त्याचा मुलगा आला. भगवंतराव नाव. चौदा वर्षांत तो भेटीला एकदाही आला नव्हता. त्याने चादर बाजूला केली, बापाचं मनगट पाहिलं आणि तिथेच बसला. मग खाली पाहून हळूच विचारलं, "मरता मरता बी केलं का त्यानं काही कोनाले?"

यावेळी मान हलवून भागणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "त्यानं नुसता माहा हात धरला होता. मले वाटलं मारते. म्याच घंटी वाजोली. बेडी माह्यापायी पडली त्याले."

तो मला शिव्या देईल, कदाचित अंगावर येईल, असं वाटलं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. तसेच हात होते, मोठे.

"कोनता हात?" त्याने विचारलं.

मी बाही वर केली. चार नखं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, खुणा अजून लाल होत्या. भगवंतरावाने माझं मनगट धरलं. मी ओढलं नाही. त्याने एकेक बोट त्या खुणांवर नीट जुळवून ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून बसला.