निळ्या दाराचं घर

दुपारच्या सुन्न शांततेत स्टीलच्या वाटीत काहीतरी टणकन पडलं.

"थुंकलीस?" जानकी ओट्यापासून वळली. "वने, गोळी थुंकलीस ना?"

पाच वर्षांच्या वनूनं जीभ बाहेर काढून दाखवली. गुळाच्या खड्यात दडवलेली हिवतापाची गोळी. गूळ तेवढा पोटात गेला होता, गोळी वाटीत.

जानकीला हसूच फुटलं. "बघितलंत कुंदावहिनी? बापावर गेलीय. गोड तेवढं गट्टम."

कुंदावहिनी हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसलेली ती बाई उठली, वाटीतली गोळी बोटानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "दुसरी दे. आत्ता. माझ्यासमोर."

दोन चमच्यांमध्ये गोळी चुरली गेली. कुंदावहिनींनी वनूला मांडीत घट्ट धरलं, चमचा तोंडात रिकामा केला आणि पोरीच्या घशातला घोट खाली उतरेपर्यंत तिच्या ओठांवरचा तळवा काढला नाही. वनू रडली, लाथा झाडल्या आणि सुटल्याबरोबर बाहुली घेऊन टेबलाखाली शिरली. जानकी बघतच राहिली. परक्या बाईनं आपल्या लेकीला असं धरावं? पण ती बाई रिकामा चमचा उजेडात धरून गोळीचा कण उरलाय का ते बघत होती, म्हणून तिनं शब्द गिळले.

संपात मिल गेली ती गेलीच. साचेखात्यात मागावर काम करणारा तिचा नवरा जयवंत दीड वर्ष रिकामा बसला आणि आठ महिन्यांपूर्वी नायजेरियात, पार उत्तरेकडच्या एका गावातल्या कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून लागला. आता त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. "इथे भाडं नाही," त्यानं लिहिलं होतं, "मुलुंडला ज्यात आपला आठवडा निघत नाही, त्यात इथे महिना राजासारखा जातो. कुंदावहिनींना भेट. त्यांचे मिस्टर अनंत माझ्याच खात्यात आहेत. वहिनी चार वर्षं इथे राहून गेल्या, त्या तुला सगळं सांगतील." विमान दहा दिवसांवर आलं होतं. मुलुंडची ही खोली दिराची. त्याचं लग्न ठरलेलं, महिनाअखेर रिकामी करून द्यायची. जानकीपुढे दुसरी वाट नव्हती, आणि खरं म्हणजे तिला ती हवीही नव्हती. नवऱ्याचा चेहरा बघायला जीव आसुसला होता.

कुंदावहिनी भांडुपहून आज दुसऱ्यांदा आल्या होत्या. पहिल्या खेपेला किती हसवलं होतं त्यांनी! "मालवणात मला काळी म्हणून तीन स्थळांनी नाकारली गो. आणि तिथे बाजारात पोरं मागे धावायची, बातुरिया, बातुरिया! म्हणजे गोरी मडम. मी म्हटलं, बघा रे बघा, माझ्या सासूला कोणीतरी कळवा!" शेंगदाणे किती स्वस्त, आंब्यांना कोणी विचारत नाही, पाणी मात्र दोनदा उकळायचं, डाळ इथूनच न्यायची. बोलताना मधेमधे त्यांची शेवू यायची. शेवूला तिथले आंबे आवडायचे. शेवू त्यांची भाषा आमच्याआधी शिकली. मुलगी शाळेसाठी गावी आजीकडे असेल, असं जानकीनं आपलं धरून चाललं होतं. विचारलं नव्हतं.

आता तिनं विचारलं. "तुमची शेवूही अशीच त्रास द्यायची का हो, गोळीला?"

"शेवू?" कुंदावहिनी पुन्हा पलंगाच्या कडेला टेकल्या. "छे. शहाणी होती. दर रविवारी गोळी घ्यायची आणि आ करून दाखवायची. अख्ख्या कॉलनीत मी तिचं कौतुक करायचे." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती गेल्यावर गादी उन्हात टाकायला काढली. उशीच्या अभ्र्यात एकोणीस गोळ्या. एकेक चोखून गुळगुळीत केलेली."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी कल्हईसाठी ओरडत गेलं.

"मला कोणी... ह्यांनी लिहिलं नाही," ती म्हणाली.

"कसा लिहील गो? लिहिलं असतं तर तू गेली असतीस?" आवाजात राग नव्हता. "घर कुठलं मिळालंय तुम्हाला?"

जानकीनं उशाखालचं पत्र काढलं. नको वाटत होतं, तरी वाचलं. "दार निळं आहे. मागे आवारात कडुनिंब आहे, सावली छान पडते, वनू खेळेल. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. रंगवाल्याला म्हटलं राहू देत, वनूची उंची त्याच्यावरच..." तिनं पत्र मिटलं.

"चार असतील," कुंदावहिनी म्हणाल्या. "पाचवी वाढदिवसाला मारायची होती." मग पदराचं टोक सोडून, "आपल्यात एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. आणि नेणार कुठे? ओळखीचं कोण होतं? शेजारची हजारा तीन दिवस माझ्याजवळ बसून होती, तिच्या मुलांनी खणलं. कडुनिंबाखालीच. आम्हा दोघांपैकी एकानं तिथे तिच्याजवळ राहायचं, असं ठरलं. मला ते घर सहन होईना, मी आले. हे राहिले. घर फॅमिलीवाल्यांसाठी काढून घेतलं, तरी रोज संध्याकाळी कुंपणातून आत जाऊन तांब्याभर पाणी घालतात. तिला तहान फार लागायची शेवटी. आता ह्यांचा करार संपला. पुढच्या महिन्यात येतायत."

म्हणजे ही बाई डाळतांदूळ सांगायला आलीच नव्हती. जानकीला वाटलं, सांगून टाकावं, वहिनी, मी जात नाही. दिराच्या पाया पडेन, कोणाच्या ओसरीत राहीन, पण माझी लेक त्या झाडाखाली खेळणार नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते.

कुंदावहिनींनी तिचा हात हातात घेतला. मघाशी वनूच्या तोंडावर होता तोच हात, गुळानं अजून चिकट. "मी जा म्हणत नाही. राहा पण म्हणत नाही. गेलीस तर फक्त एवढंच. अंधार पडायच्या आधी पाणी घाल. तिला अंधाराचं भय वाटतं."

वाटायचं नव्हे, वाटतं.

"घालीन," जानकी म्हणाली. म्हटलं तेव्हा तिलाच कळलं की सगळं ठरून गेलं. एका आईला दुसरी आई आणखी काय म्हणणार होती? कुंदावहिनींनी मान हलवली, पिशवी उचलली, आणि जिन्यावरून त्यांच्या चपला हळूहळू खाली गेल्या.

वनू टेबलाखालून बाहेर आली. गालावर अश्रूंचे ओघळ वाळले होते. आईच्या मांडीत येऊन बसली, बाहुलीचे केस सारखे करत राहिली. जानकीनं तिला पोटाशी धरलं. तिच्या टाळूचा तो घामट, गोड वास आला आणि तिला वाटलं, सगळं ऐकलंय हिनं, आता विचारेल, मरतात म्हणजे काय होतं. त्याचं उत्तर तिनं मनात जुळवायला घेतलं.

"आई," वनू म्हणाली, "शेवूला पाणी मी घालणार."

"बरं."

"रोज."

"बरं गं राणी."

वनूनं बाहुली मांडीवर आडवी निजवली. मग मान वर करून तिनं आईकडे पाहिलं.

"पण मग आपण परत आलो ना, की तिथे तिच्याजवळ कोणी राहायचं?"