ताणा जोडताना

केदारीचं बोट कॉम्प्युटरच्या बटनापर्यंत पोचलं होतं, तेवढ्यात लेकीने, करिष्माने, त्याचं मनगट धरलं.

"आप्पा, बंद करू नका!"

"अगं, मेलाय ह्यो. कवाधरनं पांढरा पडलाय. बंद करून चालू कर, सुधारतोय."

पडद्यावर साडीच्या काठाची नक्षी फिकट होऊन थिजली होती आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरं आली होती. आठवडाभर डोळे फोडून करिष्माने ती नक्षी काढली होती. आता ती मागावर चढेल अशी करून दे म्हणून कॉम्प्युटरला कामाला लावलं होतं. केदारीला बिघडलेल्या यंत्रावर एकच उपाय माहीत. वडगावातल्या त्या घरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांनी तो सोसला होता.

"मेला न्हाय त्यो, कामात हाय," ती म्हणाली. "एकच माणूस समजा. काम बी त्यानंच करायचं आन् हाकेला ओ बी त्यानंच द्यायची. मोठं काम हातात असलं की ओ द्यायला कोण उरत न्हाय. आता बंद केलं तर झालेलं सगळं पाण्यात."

"मग ओ द्यायला दुसरा माणूस ठेवायचा."

"चांगल्या प्रोग्रामात ठेवत्यात. ह्यो जुना हाय."

"म्हंजे माझ्यागत," म्हणून केदारी हसला आणि मागावर कालपासून अर्धा राहिलेला ताणा जोडायला वळला.

करिष्माला मात्र हसू आलं नाही. ताणा जोडताना केदारीशी कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियम. जुन्या ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, एकेका टोकाला नव्याचं टोक गाठायचं. क्रम चुकला की काठ बिघडलाच. पाहुणेसुद्धा तेवढा वेळ दारात थांबत. आणि काल नेमकं तेव्हाच तिने मागून विचारलं होतं, "आप्पा, बेंगळूरला डिझाइन शिकायला जाऊ?" समोर बसून विचारायचा धीर नव्हता, म्हणून पाठीला विचारलं. पाठ हलली नाही. जेवताना तो आमटीत मीठ जास्त झाल्याचं बोलला, बेंगळूरबद्दल अवाक्षर नाही. तिला ते फार लागलं. सकाळीच तिने मैत्रिणीला, रचनाला, कळवून टाकलं: तिथल्या खोलीतली माझी जागा दुसऱ्या कुणाला दे, मी येत नाही.

शेजारच्या शालूबाई पदर खोचूनच दारात आल्या.

"सुताच्या कांड्या भरायचं मशीन कुठं हाय गं? दाव मला."

"तुम्हाला कशाला, मावशी?"

"काल सांजच्याला तुझा आप्पा घरला आलता की. पुढल्या म्हैन्यापासनं पोरगी न्हाय, कांड्या भरायला तुम्ही या म्हणाला. तुला बोलला न्हाय व्हय?"

करिष्माने वळून पाहिलं. केदारी ताण्यावर वाकला होता.

"सांगणार हुतो," तो मान वर न करता म्हणाला. "येवढा ताणा जोडून झाला की."

असल्या माणसावर रागवायचं तरी कसं! मागे कॉम्प्युटरने काम उरकलं, नक्षी पुन्हा रंगात आली, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. डोळे पुसत करिष्माने फोन लावला.

"रचना, माझी जागा दिलीस का गं कुणाला?"

केदारीच्या चिमटीतली दोन टोकं गाठ न मारता तशीच राहिली. मान वर करून तो लेकीच्या तोंडाकडे बघत थांबला.